आस्वाद आणि मौन

बी.बी.सी.च्या १९९५ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेत डार्सी तळ्यात उडी घेतो; जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या कादंबरीत हा प्रसंग नाही. तरीही चाहत्यांच्या स्मृतीत तो मूळ संहितेइतकाच दृढ झाला. संहितेत भर घालणारे हे प्रेम दोषार्ह नव्हे. प्रश्न आहे तो त्यातून काय वगळले जाते, हा. ‘मॅन्सफिल्ड पार्क’मधील (१८१४) फॅनीची त्या घरावर निष्ठा आहे, तरीही अँटिग्वातील मालमत्ता पाहून परतलेल्या सर थॉमसना ती गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते. भोवतालची भावंडे मात्र गप्पच राहतात. रीजन्सीकालीन पोशाखांत आणि नृत्यांत रमलेल्या रसिकाला हे मौन ऐकू येते काय, ही आस्वादाची नैतिक कसोटी होय. प्रेम आणि पृच्छा यांत विरोध नाही. किंबहुना तो प्रश्न निष्ठावंतानेच विचारावयाचा असतो.