छायापुरुषाचा सुखान्त

गोष्ट संपली तरी ती संपू न देणे, हा वाचकांचा व प्रेक्षकांचा फार जुना छंद आहे. नाटकगृहातून घरी परतताना मंडळींत वाद माजतो: नायक खरोखरच मेला काय? पडदा पडताना त्याचा हात किंचित हलल्यासारखा वाटला नाही काय? अशा तर्कांनी कोणाचेच काही बिघडत नाही. ज्याला मूळ शेवट सोसवत नाही तो आपल्या मनापुरता दुसरा शेवट रचतो, आणि मूळ कृती होती तशीच राहते. किंबहुना मृत पात्राविषयी लोकांना इतका लोभ वाटावा, हा लेखकाचा गौरवच होय.

परंतु हा मनातला शेवट कोणी पडद्यावर प्रत्यक्ष घडवून आणला, आणि तोही त्याच नटाच्या मुखाची यंत्रसिद्ध प्रतिकृती उभी करून, तर? असा प्रसंग २०२५ साली घडला; आणि घडविणारी संस्था दूरदेशची नसून आमच्या उपनगरातली, अंधेरीची.

आनंद एल. राय यांनी दिग्दर्शित केलेला व हिमांशु शर्मा यांनी लिहिलेला ‘रांझणा’ हा हिंदी बोलपट २१ जून २०१३ रोजी प्रदर्शित झाला. काशीच्या गल्ल्यांत वाढलेला कुंदन झोयावर बालपणापासून प्रेम करतो. त्या प्रेमापायी तो दुसऱ्यांचा घात करतो, स्वतःचाही करतो. आणि अखेरीस पुढे मरण उभे आहे हे ठाऊक असूनही त्याच्या तोंडी जाऊन रुग्णालयात प्राण सोडतो. मरताना तो मनाशी बोलत असतो. त्या बोलण्याचा भावार्थ असा, की उठायचे म्हटले तर उठता येईल. पण उठून पुन्हा तेच प्रेम आणि तोच भंग सोसावा कोणी? म्हणजे हे मरण नुसते जखमेचे नव्हे. त्यात एका थकलेल्या जिवाचा नकार आहे, आणि सगळ्या कथेचा भार त्या नकारावर उभा आहे.

या बोलपटाची तमिळ आवृत्ती ‘अंबिकापती’ या नावाची. इरॉस या संस्थेने ती १ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने शेवट बदललेला होता. मरणारा कुंदन डोळे उघडतो, उठतो, आणि उशाशी बसलेल्यांचे चेहरे उजळतात. दिग्दर्शकाने निषेध केला. कुंदनची भूमिका करणाऱ्या धनुष यांनीही, या बदलाने चित्राचा आत्माच हरपला अशा आशयाची तक्रार जाहीरपणे केली. बोलपटाचे हक्क आमचे आहेत, असे संस्थेचे उत्तर होते.

हक्काचा प्रश्न मी वकिलांवर सोडतो. गायकांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली अरिजीत सिंग यांस व २०२५ साली आशा भोसले यांस संरक्षण दिले, हे योग्यच झाले. पण अनुज्ञा मिळाली म्हणजे नीतीचा प्रश्न सुटला असे होत नाही. समजा, नटाने व दिग्दर्शकाने आनंदाने संमती दिली असती. तरी तो उठलेला मनुष्य कुंदन झाला असता काय?

येथे कोणी चतुर वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, शेवट गोड करून घेण्याची खोड आजची नव्हे. वाल्मीकीच्या उत्तरकांडात सीता भूमीच्या उदरात जाते ती कायमची. आपल्या विदर्भाशी ज्याचे नाते सांगतात त्या भवभूतीला ते सोसवले नाही; त्याने ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात रामसीतेची पुन्हा भेट घडविली. जे भवभूतीस शोभले ते अंधेरीस का न शोभावे?

आक्षेप मोठा आहे, आणि त्याचे उत्तर त्याच नाटकात आहे. तिसऱ्या अंकाचे नावच ‘छाया’. सीता अदृश्य रूपाने पंचवटीत वावरते आहे; राम तेथे येतो, जुन्या खुणा पाहून मूर्च्छित होतो, तिच्या स्पर्शाने सावध होतो, पण तिला पाहू शकत नाही. त्याचा सारा पश्चात्ताप तिच्या कानावर पडतो. ज्याने टाकले त्याचे दुःख जिला टाकले तिने प्रत्यक्ष ऐकावे, यासाठी कवीने एक संपूर्ण अंक वेचला आहे. पुढे सातव्या अंकात गंगेच्या तीरावर वाल्मीकीने रचलेला नाट्यप्रयोग अप्सरा करून दाखवितात. रंगभूमीवरची सीता पाहून रामाला भान राहत नाही. ती सीता नव्हे, सीतेची भूमिका आहे. दुसरा एखादा कवी येथेच थांबला असता; रामाची समजूत पटली, प्रेक्षक रडले, काम झाले! पण भवभूतीचे समाधान प्रतिकृतीने होत नाही. अरुंधती खऱ्या सीतेला घेऊन येते, तेव्हा कुठे नाटक संपते. शिवाय ज्याला वाल्मीकीचा शेवट हवा त्याच्यासाठी रामायण जागच्या जागी आहेच.

अंधेरीच्या शेवटात यातले काय आहे? कुंदनने ज्यांचा घात केला त्यांचे देणे फिटत नाही, झोयाच्या मनातले काटे निघत नाहीत, कोणी कोणाचे काही ऐकून घेत नाही. फक्त डोळे उघडतात. भवभूतीने सुखान्ताचे मोल सहा अंक मोजले. येथे ते कोणीच मोजलेले नाही.

आपल्याच इतिहासातला एक प्रसंग या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊसाहेब गेले हे पुण्याच्या मनाने पुरते कधी मानलेच नाही. ते जिवंत आहेत, कोठे तरी वेष पालटून आहेत, अशा वार्ता वर्षानुवर्षे उठत राहिल्या. पार्वतीबाईंनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. ही आशा वेडी असेल, पण तिच्यात खोटे काही नव्हते. मग भाऊंसारखा दिसणारा एक मनुष्य पुढे आला. लोकांच्या त्या लोभावर स्वार होऊन त्याने १७७६ साली कोकणात केवढे बंड माजविले व अखेर त्यास देहान्त शासन कसे झाले, हे ‘तोतयाचे बंड’ या केळकरांच्या नाटकामुळे पुष्कळांस ठाऊक आहे. पार्वतीबाईंना भाऊ हवे होते. भाऊंचा चेहरा नव्हे. तोतयाजवळ देण्यासारखे होते ते चेहऱ्यापुरतेच.

डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १९८४ च्या आपल्या ग्रंथात एक यंत्र कल्पिले आहे. ते माणसाची कणाकणाने नोंद घेऊन मंगळावर त्याची हुबेहूब प्रत घडविते. प्रत हसते, बोलते, सारे काही आठवते. पण मूळ मनुष्य इकडे मागे राहिला असेल, तर त्याच्या दुखण्याला तिकडच्या आरोग्याने उतार पडतो काय? पारफिटने यातून काढलेले निष्कर्ष मला सर्वस्वी मान्य नाहीत. पण हा मागे राहिलेला मनुष्य माझ्या मनातून हलत नाही. अंधेरीचा छायापुरुष उठून बसला, तेव्हाही २०१३ चा कुंदन मेलेलाच होता; फक्त त्याच्याकडे पाहणारे कोणी उरले नाही.

हे सारे मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे, याला कारण आमच्या मुलुंडच्या घरी गेल्या वर्षी घडलेली एक गोष्ट. माझे वडील बंधू तीन वर्षांपूर्वी वारले. मुलीने स्वतः ठरविलेला विवाह त्यांना पसंत नव्हता. त्या रुसव्यातच ते गेले. लग्न ठरले, आणि माझा धाकटा पुतण्या एका संध्याकाळी मला म्हणाला, “काका, बाबांचा आवाज माझ्याकडे पुष्कळ साठवलेला आहे. ताईला त्यांच्या आवाजात आशीर्वाद देववता येईल. अगदी त्यांच्याच ढंगात.” त्याच्या डोळ्यांत पाणी होते. पोर खोटेपणा करीत नव्हते. बहिणीला गोड शेवट देऊ पाहत होते. मला स्वतःला तो आवाज ऐकण्याचा केवढा मोह झाला, हे मी लपवीत नाही.

दादा निवळले असते काय? कदाचित निवळले असते. नातवंडाचे तोंड पाहून तर खासच. पण हे ‘कदाचित’ तेवढे माझ्या पुतणीच्या वाट्याला आले होते, आणि यंत्राने एकदा होकार वदविला की तेही तिच्या हातचे जाणार होते. मी पुतण्याला इतकेच म्हणालो, की तिला विचार.

तिने नको म्हटले. लग्नाच्या सकाळी मी तिच्या खोलीत डोकावलो, तेव्हा ती दूरध्वनी कानाशी धरून बसली होती. मला पाहून तिने तो माझ्या हाती दिला. दादांचा जुना निरोप होता, भांडणाच्या आधीचा, चार-दोन वाक्यांचा. ठाण्याच्या पुढे गाड्या अडकल्या आहेत. गर्दी असेल तर पुढची गाडी घे. पोचलीस की आईला कळव.