तिघांत एक दुर्बीण

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ग्रीन रिव्हर गावाच्या आसपास, ट्रोना नावाचं खनिज निघतं. त्याचा जगातला सर्वांत मोठा नैसर्गिक साठा तिथे आहे. हजार-दीड हजार फूट खाली उतरून ते फोडायचं, वर आणून त्याचा सोडा करायचा. त्यातला बराचसा काचकारखान्यांत जातो. त्या गावात तीन भाऊ राहत. थोरला खाणीत मुकादम, धाकटा त्याच खाणीत यंत्रदुरुस्तीवर, मधला ट्रक ड्रायव्हर. वर्षभर एकमेकांचं तोंड फारसं न बघणारे हे तिघे ऑक्टोबरात मात्र एका गाडीत बसून हरणाच्या शिकारीला निघत.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार ही गुन्ह्याच्या बातमीतच भेटते. तिकडे परवाना काढायचा, ठरलेल्या दिवसांतच जायचं, अंगावर झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा ठेवायचा, सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढ्याच वेळात बंदूक चालवायची आणि मारलेलं हरीण हिवाळाभर खायचं, असा मामला आहे. गोळी झाडण्याचं काम मिनिटभराचं. बाकीचे दिवस बघण्यात जातात.

आणि बघायला तिथे भरपूर आहे. गावाच्या ईशान्येला रेड डेझर्टचा उघडा मुलूख सुरू होतो. अमेरिकेच्या नद्या पूर्वेला आणि पश्चिमेला वाटून देणारा पाणलोटाचा कणा इथे दुभंगतो आणि मधे एक प्रचंड परात सोडतो. तिच्यात पडलेलं पाणी कुठल्याच समुद्राला मिळत नाही, जागीच मुरतं नाहीतर वाळून जातं. झाड असं नाहीच. गुडघ्याएवढा राखाडी सेजब्रश, वाळूच्या टेकड्या, कुठेतरी एखादं जुनिपर. नवख्याला वाटतं, इथे लपणार तरी कोण? पण खेचरासारख्या लांब कानांची म्यूल डिअर हरणं याच राखाडीत राखाडी होऊन दिवसभर बसून राहतात. त्यांच्यातली काही इथून निघून उत्तरेला होबॅकच्या डोंगरांपर्यंत २४० किलोमीटर चालत जातात आणि थंडीला परत येतात. एवढं चालणारं जनावर माणसाच्या नजरेसमोर बसलेलं असतं आणि माणसाला दगड दिसतो.

तिघांच्या तीन दुर्बिणी होत्या, प्रत्येकी तीन-चारशे डॉलरच्या. दिवसा त्यांचं बरं चाले. एका संध्याकाळी सूर्य बुडून वीस मिनिटं झाली असताना समोरच्या उतारावर काहीतरी उभं राहिलं. थोरला म्हणाला, मादी. मधला म्हणाला, नर. धाकटा म्हणाला, झुडूप आहे. झुडूप चालू लागलं आणि टेकडीआड गेलं. त्याला शिंगं होती की नव्हती, हा वाद घरी पोचेपर्यंत पुरला.

"चांगली दुर्बीण घ्यायला हवी," धाकटा म्हणाला. कोणती घ्यायची, ते त्याला पाठ होतं. किंमतही पाठ होती, तीन हजार डॉलरच्या वर. त्याच्याजवळ हजार होते. मधल्याजवळही हजारच निघाले. थोरला बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "तिघांत एक घेऊ." धाकट्याने कपाळाला हात लावला. पण दुसरा मार्ग नव्हता.

सॉल्ट लेक सिटी गाडीने तीन तासांवर. दुकानातली बाई पन्नाशीची, बोलायला तोडकी. ट्यूबलाइटखाली भाऊ एकेक दुर्बीण उचलून "वा" म्हणत होते, तेव्हा ती म्हणाली, "इथे सगळ्याच चांगल्या दिसतात. जेवून या. सूर्य बुडाला की मागच्या अंगणात दाखवते." मला वाटतं, चोख दुकानदार ओळखायची याहून सोपी खूण नाही, माल जिथे उघडा पडेल तिथेच तो गिऱ्हाइकाला घेऊन जातो.

अंधारू लागल्यावर तिने एका गाडीच्या बॉनेटवर जाड कापड अंथरून तीन-चार दुर्बिणी मांडल्या. ऑस्ट्रियातल्या आब्साम गावची स्वारोव्स्की, जर्मनीची झाइस, वेट्झलारची लायका. पलीकडे उभ्या ट्रकच्या खाली एक पुठ्ठ्याचं खोकं पडलं होतं. "त्यावर काय लिहिलंय ते वाचा." जुन्या दुर्बिणीतून खोकंच दिसेना. या तिन्हींतून अक्षरं दिसली. "या तिघींत डावं-उजवं शोधत बसू नका," बाई म्हणाली. "डोळ्यांना कोणती सोसते ते बघा."

या किमतीत नेमकं काय विकत मिळतं, हे सांगायला हवं. काचेच्या कोऱ्या पृष्ठभागावर पडलेल्या उजेडातला चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे पृष्ठभाग डझनाहून जास्त, म्हणजे संध्याकाळचा मूळचाच थोडा उजेड वाटेतच खर्ची पडायचा. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप चढवून ही गळती थांबवण्याची युक्ती काढली. सरळ नळीच्या आटोपशीर दुर्बिणीतल्या लोलकांची एक वेगळी खोड होती, त्यांच्यातून येताना चित्राची धार बोथट व्हायची. तिच्यावरचा लेप झाइसनेच १९८८ मध्ये आणला. आज स्वस्त दुर्बिणींवरही लेप असतात. पण प्रत्येक काचेवर, प्रत्येक बाजूला, नेमक्या जाडीचे आणि एकावर एक अनेक थर चढवायचे, दोन्ही नळ्या केसाचाही फरक न ठेवता एका रेषेत बसवायच्या आणि गाडीच्या हादऱ्यांनंतरही ती रेष टिकवायची, यात पैसा मुरतो. रेष हलली तर दोन चित्रं जुळवत बसायचं काम मेंदूवर पडतं आणि दुपारपर्यंत डोकं ठणकू लागतं. भावांना इतकी वर्षं वाटत होतं की डोकेदुखी उन्हाने होते.

धाकट्याचा जीव पंधरा बाय छप्पन्नवर होता, म्हणजे पंधरापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग छप्पन्न मिलिमीटरचं. पंधरापट मोठं दिसणार! बाईने ती त्याच्या हातात दिली आणि दूरच्या पाण्याच्या टाकीवरचं नाव वाचायला सांगितलं. सव्वा किलोच्या आसपास वजन. टाकीवरची अक्षरं नाचू लागली. "हरीण पंधरापट होतं, तसा हाताचा कापही पंधरापट होतो," ती म्हणाली. "ही तिकाटण्याची दुर्बीण. अ‍ॅरिझोनात लहान हरणं शोधणारे वापरतात, पण तिकाटण्यावर ठेवून. तुम्ही हातात धरणार ना? मग दहा बाय बेचाळीस."

थोरल्याने विचारलं, "अंधारासाठी मोठं भिंग बरं ना? आठ बाय छप्पन्न?"

"छप्पन्नला आठाने भागा. सात मिलिमीटरचा उजेडाचा गोल बाहेर येतो. तुमचं वय?"

"एकसष्ट."

"या वयात बाहुली अंधारातही पाच मिलिमीटरच्या पुढे सहसा उघडत नाही. उरलेला उजेड बाहेर सांडणार, आणि त्याचं ओझं मात्र गळ्यात. बेचाळीसला दहाने भागलं की चार पूर्णांक दोन. तुम्हाला तेवढं बास."

थोरला आपलं वय असं मिलिमीटरमध्ये ऐकून जरा खट्टू झाला.

खरी गंमत मधल्याची झाली. त्याला जाड चष्मा. नेत्रभिंगापासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, याचंही एक माप असतं, आणि चष्मेवाल्याला ते ऐसपैस लागतं. त्याच्या जुन्या दुर्बिणीत ते तोकडं होतं. मधोमध एक लहानसा गोल आणि भोवती काळोख, एवढंच तो आजवर बघत आला होता. दुर्बिणीत असंच दिसतं, अशी त्याची समजूत. बाईने नेत्रभिंगाभोवतीच्या रबरी वाट्या फिरवून आत ढकलल्या आणि दुर्बीण त्याला दिली. तो कितीतरी वेळ ती डोळ्यांवरून काढेना. मग थोरल्याकडे वळून म्हणाला, "दादा, तुम्हाला इतकी वर्षं एवढं दिसत होतं?"

दहा बाय बेचाळीस ठरली. गल्ल्यावर तीन कार्डं पुढे आली, तेव्हा बाई पहिल्यांदा हसली.

ऑक्टोबर उजाडला आणि कटकट सुरू झाली. दुर्बीण हातात आली की प्रत्येकाला आधी नळ्यांमधलं अंतर आपल्या डोळ्यांच्या मापाला आणायचं, मग दोन डोळ्यांतला फरक चाकावर जुळवायचा, मधल्याने वाट्या आत ढकलायच्या, धाकट्याने बाहेर काढायच्या. तेवढ्यात सकाळ सरकायची. थोरल्याच्या बायकोने यावर इलाज केला. तिने आपल्या नेलपॉलिशच्या बाटल्या काढल्या आणि बिजागरीवर आणि चाकावर तिघांच्या खुणांचे तीन ठिपके दिले, लाल, गुलाबी आणि चंदेरी. तीन हजार डॉलरच्या वस्तूवर गुलाबी ठिपका पाहून धाकटा कळवळला. तो ठिपका त्याचाच होता.

वीस-वीस मिनिटांची पाळी लागली. पहिली पाळी धाकट्याची. त्याने दुर्बीण क्षितिजावरून इकडून तिकडे फिरवली, उतारावरून दोन वेळा आणली आणि पाचव्या मिनिटाला खाली ठेवली. "काही नाही."

"काही नाही कसं?" थोरला म्हणाला. "एवढा उतार आहे की. काय काय आहे ते सांग. तुझी पंधरा मिनिटं बाकी आहेत."

धाकटा चिडला, पण दुर्बीण परत डोळ्यांना लावली. शेत नांगरावं तसा डावीकडून उजवीकडे, मग एक तास खाली, असा तो वाचू लागला. दगड. सेज. पांढरट खडक, त्याच्याखाली मोकळी माती. वाळकं जुनिपर. जुनिपरच्या डाव्या अंगाला सावलीचा पट्टा. मग पुन्हा सेज. पुन्हा दगड.

मधला पालथा पडून, टोपी डोळ्यांवर ओढून ऐकत होता. बघायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं. तो म्हणाला, "कुठल्या अंगाला म्हणालास?"

"डाव्या."

"ऊन कुठून येतंय?"

ऊनही डावीकडूनच येत होतं.

तिघेही काही क्षण गप्प. मग दुर्बीण थोरल्याकडे गेली, लाल ठिपक्यावर आली आणि जुनिपरच्या डाव्या अंगाला स्थिरावली. सावलीच्या पट्ट्याला वरच्या कडेला एक आडवी रेघ होती. त्या मुलुखात उभ्या-तिरप्या रेघा पुष्कळ, पण एवढी सरळ आडवी रेघ जनावराच्या पाठीचीच. चार मिनिटांनी पट्ट्याच्या एका टोकाला कान हलला. कानाच्या मागे वाळक्या फांद्या वाटत होत्या, त्या शिंगं झाल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. वारा बघून वळसा घालत जवळ जायला दुपार झाली. गोळी मधल्याने झाडली, कारण सावली त्याने ओळखली होती. मटणाचे तीन वाटे झाले.

त्या हिवाळ्यात धाकट्याला ओव्हरटाइम भरपूर मिळाला. उन्हाळ्यात तो एकटाच सॉल्ट लेकला गेला आणि त्याच कंपनीची, बारा बाय बेचाळीस, घेऊन आला. भाऊ काही बोलले नाहीत. त्याने कष्टाच्या पैशाने घेतली होती, आणि वस्तू अस्सल होती. पुढच्या ऑक्टोबरात तो पहाटेच वेगळ्या टेकडीवर जाऊन बसला. ना पाळी, ना ठिपके, ना कुणाला हिशोब देणं. त्याने त्या दिवशी रानघोडे पाहिले, प्रॉंगहॉर्नचा कळप पाहिला, मैलभर लांबच्या खडकावर बसलेला गरुड पिसांसकट पाहिला. दुपारपर्यंत हे सगळं पाहून त्याला धन्य वाटलं, फक्त सांगायला जवळ कुणी नव्हतं.

संध्याकाळी थोरला आणि मधला त्याला न्यायला आले. त्याच्या बसायच्या जागेखाली दोनशे पावलांवर मधला थांबला आणि वाकला. सेज बाजूला चेपलेलं, मातीत लांबट खळगा, कडेला ताज्या लेंड्या. बाजूच्या फांदीची साल शिंगांनी सोलून काढलेली, आतलं लाकूड अजून ओलं. मोठा नर दिवसभर तिथे बसून, आता संध्याकाळी उठून गेला होता.

"मी हा उतार दोनदा पाहिला," धाकटा वरून ओरडला. "तिथे काही नव्हतं."

खाली उभ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण काय बोललो, ते धाकट्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण गाडीपर्यंत तो गप्प होता.

डिसेंबरात त्याने आपली बारा बाय बेचाळीस खाणीतल्या एका सोबत्याला चारशे डॉलरचा तोटा सोसून विकली. आलेल्या पैशातून तिघांसाठी कार्बनचं हलकं, भक्कम तिकाटणं आलं. त्यावर जुनी दहा बाय बेचाळीस चढवली, तेव्हा तिघांनाही नवलच वाटलं. हातात धरून जो कान दिसलाच नसता, तो तिकाटण्यावर स्वच्छ हलताना दिसतो. शिवाय एकाने दुर्बीण रोखून ठेवली की दुसऱ्याने नुसता डोळा लावायचा, जागा समजावून सांगायची गरज नाही. ही सोय थोरल्याला पसंत पडली नाही. आधी तोंडाने सांगायचं, मगच दुसऱ्याला डोळा लावू द्यायचा, असा त्याने नियम केला, आणि धाकट्याने तो मुकाट मानला.

आता भांडण वेगळंच आहे. दुर्बीण थोरल्याच्या कपाटात असते, म्हणून तिकाटणं आपल्याकडे राहावं असं मधल्याचं म्हणणं. ते माझ्या पैशाचं आहे असं धाकट्याचं. तूर्त ते मधल्याच्या ट्रकमध्ये आहे.