कृतज्ञता आणि न दिलेले दान

‘कृतज्ञ’ या शब्दाचा ‘आभार मानणारा’ असा अर्थ आता रूढ झाला आहे. शब्दाची घडण मात्र निराळे सांगते. कृत जाणतो तो कृतज्ञ. आभाराचे शब्द उच्चारूनही मनुष्य कृतघ्न राहू शकतो. कारण कोणी काय केले, हे त्याने जाणून घेतलेलेच नसते.

महानुभाव पंथाला ही जाणण्याची शिस्त नवी नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या, त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या जनांना गाठून. पाठभेद आला तेथे ती कोणाची ‘वासना’, हेही परंपरेने जपले. स्मरण कोणाच्या मुखातून आले याचा विसर पडू दिला नाही.

दाता स्वतःच आपले नाव सांगतो, तेथे जाणणे सोपे असते. जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेख हेच करतात. एका यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्याचे तेथे कोरलेले आहे. ते पाणी प्यायलेल्यांपैकी कोणाचेही नाव नाही. ते असण्याचे कारणही नाही.

परंतु ज्याने दिले नाही, ज्याच्याकडून घेतले गेले, त्याचे काय? घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि मूळ आंबेगाव पाण्याखाली गेले. नाव तेवढे तालुक्याला उरले. कचेरी घोडेगावास आहे. बुडालेल्या शिवारांत महादेव कोळ्यांची घरे पुष्कळ होती. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी हे एक. या प्रकल्पाचे पाणी जुन्नर-आंबेगावच्या सखल भागास भिजवून शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. जलाशयास हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या या पुत्राने १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मालमोटार अडविताना प्राण दिला. त्यांनी दिले ते स्वेच्छेने. जलाशयाच्या तळाशी असलेल्यांनी तसे दिले नाही.

येथे कोणी म्हणेल, दानबुद्धी नाही तेथे उपकार कसला? शिवाय मोबदला दिला गेला. हा युक्तिवाद व्यवहारात चालेल, धर्मविचारात लंगडा पडतो. स्वेच्छेने देणाऱ्यास देण्याचे समाधान तरी लाभते. ज्याच्याकडून घेतले गेले त्याच्या वाट्यास तेही आले नाही. म्हणून घेणाऱ्यावरचे ऋण वाढते. मोबदल्याने जमिनीची किंमत चुकती होते. चुलीची आणि पाणवठ्याची किंमत कोणत्या दप्तरात लिहिली होती?

दुसरा आक्षेप पंथातूनच येईल, आणि तो अधिक विचारार्ह आहे. मोक्षदाता एक परमेश्वर. मग मनुष्याचे उपकार स्मरणे म्हणजे अनन्यभावात वाटेकरी आणणे नव्हे काय? नव्हे. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चारही पदार्थ जसे आहेत तसे जाणणे, हेच ज्ञान. जीवाने जीवासाठी सोसलेले जाणल्याने परमेश्वराच्या ठायीचा भाव उणा होत नाही. न जाणता मात्र अज्ञान राहते.

भिक्षूस हा प्रश्न सर्वांत जवळून भिडतो. कालव्याकाठच्या गावी तो घरोघर भिक्षा मागतो. झोळीत पडलेली भाकरी कोणत्या घरची, हे त्याने पाहू नये, अशी त्याची वृत्ती असते. वाढणाऱ्या माउलीचे मुख तरी त्यास दिसलेले असते. ज्या पाण्यावर ते धान्य पिकले त्या पाण्याखालचे गाव तिनेही पाहिलेले नसते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले म्हणजे जुन्या आंबेगावचे अवशेष उघडे पडतात. पाऊस लागला की ते पुन्हा झाकले जातात, आणि कालवा भरून वाहू लागतो.