तालमीत कमावलेला आवाज

१९८६ साली मुंबईत संजय गांधी नगरच्या झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हा शबाना आझमी तिथल्या बिऱ्हाडांसाठी उपोषणाला बसल्या. त्या बसल्या म्हणून वर्तमानपत्रांनी दखल घेतली, सरकारला हलावं लागलं आणि त्या कुटुंबांना गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. निवारा हक्क सुरक्षा समितीचं काम त्यांनी पुढेही सोडलं नाही. अभिनेत्री हक्कांच्या लढ्यात उतरते ती बहुधा याच वाटेने. आधी नाव होतं, मग ते नाव दुसऱ्यांसाठी पणाला लावलं जातं. या वाटेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण समुद्रपुरात बसून विचार करताना माझं मन दुसऱ्याच एका बाईपाशी जाऊन थांबतं.

त्याच वर्षी, १९ मार्चला, आमच्या वर्धा जिल्ह्यात पवनारजवळच्या दत्तपूरला साहेबराव करपे या चिलगव्हाणच्या शेतकऱ्याने बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. त्या घरात मागे बोलायला कुणी उरलंच नाही. त्यानंतर विदर्भात शेतकरी आत्महत्यांचं जे सत्र सुरू झालं, त्यात मात्र घरोघरी एक बाई मागे उरत गेली. आपण मोजदाद केली गेलेल्या माणसांची. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यात वर्धा होता. तेव्हाही चर्चा झाली ती कर्जाची, बियाण्याची, सिंचनाची. उरलेली बाई त्या चर्चेत फोटोपुरती होती. डोक्यावर पदर, मांडीवर लेकरू आणि मागे भिंतीवर हार घातलेली तसबीर.

वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात राजूर नावाचं गाव आहे. वैशाली येडे तिथल्या. २०११ साली नवऱ्याने आत्महत्या केली, पदरात दोन मुलं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी काम धरलं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक आलं, तेव्हा त्यात कामं करायला अशाच घरांतल्या बाया उभ्या राहिल्या. वैशालीताई त्यांतल्या एक. ज्यांच्यावर नाटक लिहिलं, त्याच रंगमंचावर आल्या.

ही साधी गोष्ट नाही. नवरा गेलेल्या बाईने गावात कसं वागायचं हे आपल्याकडे ठरलेलं आहे. आवाज खाली, नजर खाली, लग्नाकार्यात मागच्या खोलीत. नाटक नेमकं याच्या उलट मागतं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे, मान वर पाहिजे, पाठ वळता कामा नये आणि समोर बसलेली अनोळखी माणसं तुमच्याचकडे बघणार. लोकांना वाटतं, या बायांनी रंगमंचावर आपलं दुःख मांडलं. दुःख तर त्या आधीही मांडत होत्या, तलाठ्यापुढे, बँकेत, तहसीलमध्ये. तालमीने त्यांना दिली ती ऐकायला भाग पाडण्याची सवय, आणि माझ्या मते हक्काच्या लढाईतलं पहिलं हत्यार तेच.

कारण तहसीलमध्ये काय होतं ते पाहा. बाईच्या हातात प्लास्टिकची पिशवी. तीत सातबारा, आठ-अ, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, बँकेचा थकबाकीचा दाखला. मदत एक लाखाची. २००६ च्या शासन निर्णयानुसार त्यातले ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरायला हवं. जमीन कुणाच्या नावे होती? सासऱ्याच्या. कर्ज कुणाचं होतं? बिगरपरवाना सावकाराचं. मग अपात्र. माणूस नापिकीनेच गेला हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, कागदाला नसतं. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या ५०५ अशा बायांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के जणींच्या नावे शेतजमीन झालेलीच नव्हती. राबायचं त्याच वावरात, पण पीककर्ज मागायला गेलं की बाई शेतकरी नाही.

११ जानेवारी २०१९ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशालीताईंच्या हस्ते झालं. खरं तर तो मान नयनतारा सहगल यांचा होता. विरोधाच्या धमक्या आल्या, आयोजक कचरले आणि नव्वदी ओलांडलेल्या लेखिकेला दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. ते लाजिरवाणं होतं, आजही आहे. वैशालीताईंनी जायला नको होतं, असं तेव्हा काही जण म्हणाले. मला हे पटत नाही. माघार घेणाऱ्यांचा हिशेब राजूरच्या एका अंगणवाडी मदतनिसाकडे का मागायचा? त्या गेल्या, अध्यक्ष अरुणा ढेरे आणि भरल्या मांडवासमोर उभ्या राहिल्या आणि विधवापण आपल्यावर व्यवस्थेने लादलं आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मरण्यापेक्षा जगून लढण्याची भाषा त्यांनी केली. आवाज कापला नाही, कारण तो तालमीत कमावलेला होता.

त्याच वर्षी त्यांनी यवतमाळ-वाशीममधून प्रहार पक्षाच्या उमेदवार म्हणून लोकसभा लढवली. जिंकल्या भावना गवळी. पैसा, जात आणि पक्षाची यंत्रणा यांपुढे एकटी बाई किती पुरणार? तरी जिच्या नावे सातबारा होऊ देत नाहीत, तिचं नाव मतपत्रिकेवर आलं.

‘तेरवं’वर नंतर चित्रपटही आला. तो शहरांत पोचला याचा आनंद आहे. पण मला नाटक हवं आहे, आणि ते आमच्या समुद्रपूर तालुक्यात, गिरड, नंदोरी, मांडगावच्या चावडीसमोर. काळ्या मातीचा, कापूस-सोयाबीन-तुरीचा हा तालुका. हिंगणघाटच्या बाजारात भाव पडला की इथल्या घरात चूल गप्प होते. प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत पाहुणे नकोत. तिथे तलाठी, सोसायटीचे सचिव, पोलीस पाटील, सरपंच आणि बँकेचे शाखाधिकारी बसवावेत. मागे गावातले सासरे आणि दीर. आणि पडदा पडल्यावर कुणी उठू नये, तिथेच वारस नोंदीचे अर्ज भरून घ्यावेत.