आत जाळ आहे ना?

निष्कर्ष खरा निघाला, पण ज्या कारणावरून तो काढला ते कारणच चुकीचं होतं, तर त्या माणसाला ते ‘कळलं’ असं म्हणायचं का? हा प्रश्न मला पोथीत भेटण्याआधी एअर शोच्या मैदानावर भेटला. हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाची हॉक विमानं डोक्यावरून तिरंगी पट्टे ओढत गेली आणि शेजारच्या आजी म्हणाल्या, “भाऊ, एवढा धूर सोडतंय म्हणजे आत जाळ पेटलेला असणार.”

माझी सगळी नोकरी विमानांच्या इंजिनांवर गेली आहे. मी म्हटलं, “आजी, तो धूर नाही. ते तेलाचं धुकं आहे.”

“असू दे धुकं. पण आत जाळ आहे ना?”

“आहे.”

“मग झालं!”

झालं का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे.

आधी त्या धुराबद्दल. त्यात काजळी जवळजवळ नसतेच. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या झोतात तेल सोडतात. ते जळत नाही, त्याची वाफ होते. ती बाहेरच्या गार हवेत आली की लगेच निवून तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात, आणि ते सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात म्हणून पट्टा पांढराशुभ्र दिसतो. छोट्या पिस्टन विमानांत यासाठी हलकं खनिज तेल वापरतात. ब्रिटनच्या ‘रेड ॲरोज’च्या हॉक विमानांत साधं डिझेल असतं, आणि लाल-निळ्यासाठी त्यात रंग मिसळतात. पोटाखालच्या पॉडमध्ये पांढऱ्याचा साठा सुमारे पाच मिनिटांचा, लाल आणि निळ्याचा प्रत्येकी एकेका मिनिटाचा. आपल्या सूर्यकिरणच्या हॉकसाठी रंगीत धुराचे पॉड इथेच, नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत तयार झाले, याचा मला फार अभिमान वाटतो. लोकांना तो नुसता शोभेचा प्रकार वाटतो. पण त्या पट्ट्यावरून वैमानिकाला वारा कुठून वाहतो ते दिसतं, समोरून येणारं विमान लवकर सापडतं. शोभेइतकंच ते सुरक्षेचं काम आहे.

निवृत्तीनंतर मी एका शास्त्रीबुवांकडे ‘तर्कसंग्रह’ वाचायला बसलो. अन्नंभट्टांचा हा न्यायशास्त्रावरचा सतराव्या शतकातला छोटेखानी ग्रंथ. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती 1897 साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाली. अनुमानाच्या प्रकरणात पहिलंच उदाहरण डोंगरावरच्या धुराचं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, जसं स्वयंपाकघरात. शेकडो वर्षं आपल्याकडच्या विचारवंतांनी हेच उदाहरण घासूनपुसून पाहिलं, आणि त्यांनी विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न अगदी आजींचाच आहे. डोंगरावर दिसतंय तो धूर नसून धुकं असेल तर?

धर्मोत्तर हा आठव्या शतकातला बौद्ध पंडित. त्याने एक प्रसंग रचला. मांस भाजायला कुणी नुकतीच आग पेटवली आहे, अजून धूर निघालेला नाही, पण वासाने माश्यांचं मोहोळ वर घोंघावतंय. दूरच्या माणसाला तो काळा ढग धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे आग आहे. आग खरोखरच आहे! बाराव्या शतकात वेदान्ती श्रीहर्षाने असल्याच प्रसंगांनी ज्ञानाच्या व्याख्या धुऊन काढल्या. पश्चिमेकडे हाच प्रश्न 1963 साली एडमंड गेटियर यांच्या तीन पानांच्या लेखामुळे गाजला. तो आपल्याकडे इतका जुना आहे, हे शाळेत कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

शास्त्रीबुवांचा निकाल ठाम होता. हेतूच, म्हणजे अनुमानाचं कारणच, असिद्ध आहे. जिथे धूरच नाही तिथे धुरावरून काढलेलं अनुमान उभंच राहत नाही. आजींना सत्य गवसलं, पण ते ज्ञान नव्हे.

मला हे पूर्ण पटलं नाही, आणि इथे माझी नोकरी कामाला आली. माश्या आगीतून निघालेल्या नसतात. आग विझली आणि मांस तसंच राहिलं, तरी त्या घोंघावत राहतील. विमानामागचं धुकं मात्र आगीचंच अपत्य आहे. गार नळीतून तेल सोडलं तर नुसता फवारा उडतो, दाट ढग होत नाही. इंजिनाचा जोर फार कमी असेल तर पट्टा विरळ पडतो. म्हणजे आजींनी पाहिलेली वस्तू आणि आग यांच्यात योगायोग नाही, कार्यकारणाचा पक्का दोर आहे. बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती कार्यावरून कारणाचं अनुमान मान्य करतो. आजींनी वस्तू चुकीची ओळखली, पण हात बरोबर त्या दोरावर ठेवला.

शास्त्रीबुवा म्हणाले, “मग नाटकात रंगमंचावर यंत्रातून धुकं सोडतात, तिथेही आग म्हणाल का? ते यंत्र विजेवर चालतं.” हा घाव बरोबर बसला. नुसतं पांढरं धुकं घेतलं तर हेतू व्यभिचारी ठरतो, म्हणजे आग नसतानाही आढळतो. उडत्या जेट विमानाच्या शेपटीतून निघणारं दाट धुकं असं म्हटलं तरच तो टिकतो, आणि तसं म्हणण्यासाठी इंजिन माहीत असावं लागतं.

इतका काथ्याकूट मी विमानासाठी करत नाही. माझी आई दरवर्षी वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जायची. मी लहानपणी तापाने फणफणलो होतो, तिने नवस बोलला, ताप उतरला. मुलाचा ताप उतरला म्हणजे देवीने ऐकलं, हे तिचं अनुमान आयुष्यभर ढळलं नाही. ताप औषधाने उतरला असणार असं मला वाटतं. पण तेवढ्याने देवी नाही असं सिद्ध होत नाही, आणि आईचं म्हणणं पोकळ होतं असंही ठरत नाही. देवी असेल, तर आईच्या पदरात ज्ञान होतं की निव्वळ बरोबर निघालेला अंदाज? माश्यांचं मोहोळ होतं, की इंजिनाचं धुकं?

उलट बाजूने घाई करणाऱ्यांनाही न्यायशास्त्राने अडवलं आहे. धुरावरून आग सांगता येते. धूर नाही म्हणून आग नाही, असं सांगता येत नाही. लालभडक तापलेला लोखंडाचा गोळा हे त्यांचं ठरलेलं उदाहरण: आग आहे, धूर नाही. ओलं सरपण असेल तरच धूर होतो. वैमानिक बटण दाबून तेल बंद करतो, आकाश क्षणात कोरं होतं, आणि इंजिन तसंच धगधगत असतं. चमत्कार दिसत नाहीत म्हणून देव नाही म्हणणाऱ्या मित्रांना मी हे दरवेळी सांगतो. त्यांचा निष्कर्ष खरा असू शकतो, पण या वाटेने तिथे पोचता येत नाही.

शास्त्रीबुवांनी मला आजींचं अनुमान न्यायशास्त्राच्या पाच अवयवांत, म्हणजे पाच पायऱ्यांत, नीट मांडायला सांगितलं. मी लिहून नेलं. चार अवयव त्यांनी मान्य केले, उदाहरणापाशी बोट ठेवलं. उदाहरण वाद करणाऱ्या दोघांनाही ठाऊक असलेलं हवं. स्वयंपाकघर सगळ्यांनी पाहिलेलं असतं, तिथे धूर आणि आग एकत्र दिसतात. “इंजिन आणि हे धुकं एकत्र तुम्ही पाहिलंय, आजींनी कुठे पाहिलंय?”

माझा आजींच्या बाजूचा युक्तिवाद इथे अडला, आणि आईच्या बाजूचा तर त्याहून जास्त. तापाचं उतरणं आणि देवीची कृपा या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसाव्यात असं स्वयंपाकघर मला माहीत नाही. न्यायपंडित उदयनाचार्यांनी जगाच्या कर्त्यासाठी घडा आणि कुंभार पुढे केले आहेत. ते मला अजून पुरेसं वाटत नाही. कुंभार मी चाकावर बसलेला पाहिला आहे. शास्त्रीबुवांचं म्हणणं, मी उदयनाचार्य न वाचताच बोलतो आहे. त्यात तथ्य आहे. म्हणून सध्या आम्ही त्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’चा पाचवा स्तबक, म्हणजे प्रकरण, घेऊन बसलो आहोत. ईश्वराच्या बाजूची प्रमाणं त्यात ओळीने येतात, आणि आम्ही अजून पहिल्याच प्रमाणावर भांडतो आहोत.