अनसूयेच्या मांडीवरच दत्त खेळतो

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी आपण पाळणा म्हणतो, सुंठवडा वाटतो. पण ज्या माउलीच्या मांडीवर हे बाळ खेळलं, तिच्या नावाचा अर्थ कधी मनाशी घोळवतो का? असूया म्हणजे मत्सर. जिच्या ठायी तो नाही, ती अनसूया.

कीर्तनातली कथा आपल्याला पाठच आहे. नारदांनी अनसूयेची थोरवी गायली आणि लक्ष्मी, पार्वती, सावित्री या तिघींच्या मनाला चटका बसला. यांना हो काय कमी होतं? पण मत्सर आला की आपलं भरलेलं ताट दिसत नाही, शेजारच्या पानातली एक वाटी तेवढी दिसते. तिघींनी पतींना तिचं सत्त्व पाहायला धाडलं. झालं काय? ते आश्रमात तान्ही बाळं होऊन राहिले. दुसरीचं घालवायला निघालेल्यांचंच घर रिकामं झालं! पुढे त्या पदर पसरून आल्या, तेव्हा अनसूयेनं त्यांना टोमणा मारला नाही. ज्याचं अंतःकरण भरलेलं असतं, त्यालाच असं परत देता येतं.

मत्सराचं मूळ कशात आहे? स्वतःला कमी लेखण्यात. गुरुचरित्राच्या आठव्या अध्यायातला मंदबुद्धी मुलगा आठवा. लोकांची निंदा ऐकून ऐकून मायलेक कृष्णेत जीव द्यायला निघाले. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांना अडवलं, शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं आणि मुलाच्या मस्तकी हात ठेवला. ज्याला जगानं टाकाऊ ठरवलं, त्याला गुरूंनी टाकाऊ मानलं नाही. मग आपणच आपल्याला टाकाऊ कसं म्हणावं? स्वतःची किंमत ओळखणं हा अहंकार नव्हे. अहंकार म्हणतो, ‘मी तुझ्यापेक्षा मोठा.’ श्रद्धा म्हणते, ‘मीही दत्ताचाच, तूही दत्ताचाच.’

मी स्वतः या दुखण्यातून गेलो आहे. धाकट्या भावानं घर बांधलं आणि मी तब्येतीचं निमित्त सांगून वास्तुशांतीला गेलो नाही. त्याच्या भिंती मला टोचत नव्हत्या, माझं भाड्याचं घर टोचत होतं. दोन वर्षं बोलणं तुटलं. एकदा पारायणात हाच आठवा अध्याय वाचताना कंठ दाटून आला. दुसऱ्याच दिवशी प्रसाद घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो. तो एवढंच म्हणाला, “दादा, तुझ्यावाचून घर अपुरंच होतं.”

तेव्हा यंदा एवढं करा. ज्याचं नाव निघताच छातीत कळ येते, त्याच्या घरी सुंठवडा स्वतः नेऊन द्या. आणि निघण्यापूर्वी दत्तानं आपल्याला काय काय दिलंय, ते हात जोडून एकदा आठवा. मन अनसूया झालं, की दत्तजन्माला वेळ लागत नाही.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥