घंटागाडी थांबवून मोजलेला वेळ

सकाळी घंटागाडी आली की आमच्या आळीतला रस्ता पाच मिनिटं तुंबतो. रत्नागिरीच्या बाजारात पोचायला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, तर ती पाच मिनिटं मी न चुकता धरतो. संगणकावर मोजताना मात्र वगळली.

मागच्या महिन्यात एका ग्राहकाच्या पायथन प्रोग्रामचा एक भाग नव्याने लिहिला. ‘टाइमइट’ या वेळ मोजणाऱ्या साधनाने मोजला, सात वेळा, आणि त्यातला सर्वांत कमी आकडा कळवला. शाबासकी मिळाली.

टाइमइट मोजताना गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग, बंद ठेवतं. त्यात लबाडी नाही. मध्येच मेमरीची साफसफाई सुरू झाली तर दोन मोजण्यांची तुलना बिघडते, म्हणून ही सोय. पण टाइमइटच्या माहितीपत्रकात लगेच पुढे बजावलंय, की सफाई हा त्या कामाच्या वेगाचा मोठा हिस्सा असू शकतो. तसं असेल तर ती चालू करून मोजा.

माझ्या कामात तसंच होतं. पायथनमध्ये ज्या ऑब्जेक्टला कुणीच धरून नाही, ते तिथल्या तिथे मोकळं होतं. दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले, तर त्यांना हुडकायला कलेक्टर लागतो. मी प्रत्येक नोंद तिच्या मूळ नोंदीला जोडली आणि मूळ नोंद परत तिला. कोड देखणा झाला. पसारा टाकला कलेक्टरच्या दारात, ते दार लावलं आणि मग घड्याळ सुरू केलं.

लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचे जनक जॉन मॅकार्थी एकदा पाहुण्यांपुढे प्रात्यक्षिक दाखवत होते. ऐन रंगात मेमरी संपली, कलेक्टर जागा झाला आणि आपला अहवाल सेकंदाला दहा अक्षरं या चालीने टंकयंत्रावर छापत बसला. उरलेला वेळ त्यातच गेला, पाहुणे हसले. त्यांची सफाई निदान चारचौघांसमोर झाली.

सफाई धरून मोजायला हवं, हे मला ठाऊक नव्हतं का? गेले कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो, की लक्षात राहिलं नाही. खरं म्हणजे मोजण्याआधी ते माहितीपत्रक मी उघडलं होतं. तो इशारा वाचला आणि खिडकी बंद केली. हात आपोआप गेला, असंही म्हणता येईल; पण तो आपल्या सोयीच्याच बाजूला कसा जातो?

पेटीत वर टपोरे हापूस आणि पेंढ्याखाली बारीक फळ भरणाऱ्याबद्दल माझे वडील जे बोलतात, ते इथे लिहिण्याजोगं नाही. त्यांच्यासमोर मीही मान डोलावतो.

काल रात्री कलेक्टर चालू ठेवून पुन्हा मोजलं. नवा कोड जुन्यापेक्षा हळू निघाला. ग्राहकाला लिहिलेला मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.